दोन सूत

कापडाचे तुकडे जोडून करायच्या पांघरुणाची माझी पहिली चौकट साडेसहा इंचांची व्हायला हवी होती, ती सव्वासहा इंचांची झाली. नऊ चौकोनी तुकडे, तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. प्रत्येक तुकडा अडीच इंचांचा कापलेला, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जाणार, म्हणजे जोडून झाल्यावर प्रत्येकाचे दोन इंच दिसणार आणि बाहेरची कड धरून चौकट साडेसहा इंच भरणार, हा हिशेब मी कागदावर मांडून समोरच्या भिंतीला लावला होता. हिशेबात चूक नव्हती. टाकेही मला सरळच वाटत होते. तरीही पट्टी ठेवली की पाव इंच कमी येई. मी सगळी नोकरी अनुरेखक म्हणून केली. अभियंत्यांनी आणि आरेखकांनी काढलेले कालव्यांचे, पाटचाऱ्यांचे, गावशिवांचे नकाशे ट्रेसिंगवर शाईने उतरवून घेणे हे माझे काम होते, आणि नकाशावरचा पाव इंच जमिनीवर कोणाच्या तरी शेताच्या बांधावर जाऊन पडतो हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेले असे. त्यामुळे तो पाव इंच कुठे गेला हे शोधल्याशिवाय मला दुसरी चौकट हातात घेववेना.

सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करतात आणि त्या एका भागाला सूत म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत. मी शिलाईसाठी दोन सूत सोडायचे ठरवले होते, पण टाके घालताना कापलेल्या कडेपासून नजरेनेच अंतर ठेवत होते, आणि माझी नजर दर वेळी अर्धे सूत आत जात होती. एका ओळीत दोन शिवणी येतात, प्रत्येक शिवणीत दोन तुकड्यांच्या कडा असतात, म्हणजे चार कडा आणि चार वेळा अर्धे सूत. गेलेले दोन सूत असे सापडले. एका चौकटीत हे खपूनही गेले असते, पण नऊ चौकटींची ओळ लावली की तीच चूक अठरा सूत, म्हणजे सव्वादोन इंच होते, आणि शेजारची ओळ जर बरोबर शिवली गेली असेल, तर त्या दोन ओळी एकमेकींना जोडल्याच जात नाहीत.

हे शिकण्याचे मनात आले ते एका थंडीमुळे. नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती सगळीकडे आहे, थंडीबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितले तर पटत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या नीट लागत नाहीत, आणि घरातली सगळी पांघरुणे एकावर एक घेऊनही ऊब येत नव्हती. आदल्या संध्याकाळी समोरच्या घरातल्या काकूंनी त्यांची एक गोधडी आणून दिली होती, ती मी संकोचाने घडी करून तशीच ठेवली होती. त्या पहाटे ती उघडली. गोधडीचे वजन अंगावर बसते आणि ऊब त्या वजनाबरोबर हळूहळू येते. रजईची ऊब कापसाच्या फुगीरपणातून येते, गोधडीची थरांतून आणि टाक्यांतून, आणि ती अंगाला धरून राहते. उजाडल्यावर मी ती गोधडी उलटसुलट करून पाहत बसले होते.

काकूंचे माहेर तांडापेठेतले, कोष्ट्यांच्या घरातले. त्यांच्या लहानपणी घरात माग होता, खड्ड्यात पाय सोडून वडील विणत आणि आई कांड्या भरत असे. त्या आता ऐंशीला आल्या आहेत आणि चष्मा लावूनही सुई स्वतः ओवतात. मी शिकवा म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला, पण पहिल्याच दिवशी आमच्या दोघींच्या लक्षात आले की मला जे शिकायचे होते आणि त्यांना जे येत होते, ते एक नव्हते.

काकूंची गोधडी अशी होते: जुनी लुगडी, धोतरे, चादरी जमिनीवर एकावर एक पसरायची, सुरकुत्या हाताने काढायच्या, कडा कच्च्या टाक्यांनी धरायच्या, वर बरे दिसणारे तुकडे कडा आत दुमडून मांडायचे, आणि मग बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचे. तुकडा तिरका झाला, लहान-मोठा झाला, तरी खाली अखंड कापड असतेच. मला ओढ लागली होती ती जोडकामाची. एका पुस्तकात मी जेन स्टिकल या अमेरिकन स्त्रीने १८६३ मध्ये, तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, पुरे केलेल्या पांघरुणाचे छायाचित्र पाहिले होते. ते आज व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या कोपऱ्यात तिने स्वतःच्या नावासोबत युद्धकाळाचा उल्लेख, वर्ष आणि तुकड्यांची संख्या शिवून ठेवली आहे, ५,६०२. आपण किती तुकडे जोडले हे मोजून कापडावर लिहून ठेवणारी ती बाई मला फार जवळची वाटली. अशा जोडकामात खाली आधाराचे कापड नसते. एका तुकड्याची कड दुसऱ्या तुकड्याच्या कडेला धरते आणि त्यातूनच अखंड कापड तयार होते. म्हणून तिथे अर्ध्या सुताचा हिशेब द्यावा लागतो.

चूक सापडल्यावर पद्धत बदलावी लागली, आणि बदललेली पद्धत पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण ती माझ्याच कामाची निघाली. हाताने जोडताना कापण्याची रेघ महत्त्वाची नसते, शिवण्याची रेघ महत्त्वाची असते. जुन्या एक्स-रे फिल्मचा बरोबर दोन इंचांचा साचा कापायचा. गुण्या लावून त्याचे चारी कोपरे तपासायचे. साचा कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून भोवती बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ काढायची, आणि त्या रेघेबाहेर अंदाजाने दोन सूत सोडून कापायचे. बाहेरची कड थोडी वेडीवाकडी झाली तरी हरकत नाही, कारण सुई पेन्सिलीच्या रेघेवरून जाणार असते. नोकरीत मी दुसऱ्याच्या रेघेवर रेघ ओढत होते, इथे स्वतःच काढलेल्या रेघेवर दोरा ओढायचा होता. पेन्सिलीच्या टोकाची जाडीही मोजावी लागते हे मला कोणी सांगावे लागले नाही. साच्याच्या बाहेरून रेघ काढली की ती साच्यापेक्षा केसभर मोठी येते, म्हणून मी टाके रेघेच्या आतल्या कडेवरून घालते.

रेघा आखता आल्या म्हणून शिवता येत नाही, हे पुढच्या दोन महिन्यांत कळले. दोन तुकडे सुलट बाजू आतल्या अंगाला घेऊन समोरासमोर ठेवायचे, वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यातून टाचणी खाली घालायची आणि ती खालच्या तुकड्याच्या बरोबर कोपऱ्यातून निघते का हे उलटून पाहायचे. निघत नसेल तर काढून पुन्हा घालायची. मग सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन धावदोरा घालायचा, इंचात आठ टाके, आणि सुई ओढण्यापूर्वी पुन्हा एकदा उलटून पाहायचे. वरच्या तुकड्यावर टाके रेघेवर असतात आणि खालच्यावर ते हमखास सटकलेले असतात. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्यावा, त्याहून लांब घेतला की गाठी होतात आणि कापडातून शंभरदा ओढला जाऊन तो पिसतो. मी आळसाने लांब दोरा घेत असे, पुन्हा ओवायला नको म्हणून, आणि गाठ सोडवण्यात दुप्पट वेळ घालवत असे. माझी सगळ्यात हट्टी सवय मात्र दोरा घट्ट ओढण्याची होती. शिवण पक्की व्हावी या समजुतीने मी प्रत्येक टाका आवळत होते, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडत होत्या. काकू शेजारी बसून त्यांच्या गोधडीचे टाके घालत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, “कायले ओढून रायली व दोऱ्याले? कापड आखडून रायलं, पाय ना.” मग त्यांनी माझी शिवण हातात घेतली, अंगठ्याचे नख दोऱ्यावरून सरळ एकदा मागे नेले, आणि चुण्या उलगडून कापड सपाट झाले. तेव्हापासून दर चार टाक्यांनंतर मी नखाने तसे करते. टोकाला एक उलटा टाका आणि मग गाठ, एवढी पक्केपणाची सोय पुरते.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काही तुकड्यांच्या कडेला मी दोनऐवजी एकच सूत सोडले होते, कापड वाचावे म्हणून. “माया कमी ठेवली तू,” त्या म्हणाल्या. “उसवून जाईन हे.” शिंपी शिवणीच्या आत जास्तीचे कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला ब्लाउज शिवायला टाकताना कितीदा तरी ऐकून माहीत होते, “माया ठेवा हो, पुढच्या वर्षी उसवायला लागेल” असे मी स्वतःही म्हणत आले आहे. पण त्या शब्दाचा उपयोग सैल करण्यापुरता आहे अशीच माझी समज होती. जोडकामात ही माया आयुष्यभर आतच राहते, बाहेर कधीच येत नाही, आणि तरी शिवण तीच धरून ठेवते. कापडाचे धागे कडेकडून एकेक सुटत येतात. त्यांना सुटायला जागा मिळावी आणि सुटत सुटत ते टाक्यापर्यंत पोहोचू नयेत, एवढ्यासाठी ती दोन सूत असतात.

या मायेचे दुसरे काम कळायला मला दहा-बारा चौकटी लागल्या, आणि हाताने जोडण्यातली माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट ती आहे. मशीनवर शिवताना शिवण कडेपासून कडेपर्यंत जाते, मध्ये जी आडवी शिवण येईल तिची माया त्याच टाक्यांखाली दाबली जाते आणि कायमची एका बाजूला झोपते. हाताने जोडताना टाके पेन्सिलीच्या कोपऱ्यापाशी थांबतात. दोन ओळी एकमेकींना जोडताना जिथे चार तुकड्यांचे कोपरे एकत्र येतात, तिथे आधी एक उलटा टाका घालायचा, मग उभ्या राहिलेल्या मायेच्या बुडातून, बरोबर कोपऱ्याच्या बिंदूतून, सुई पलीकडे काढायची, पलीकडे पुन्हा एक उलटा टाका घालायचा आणि पुढे जायचे. माया शिवायची नाही, ती मोकळी सोडायची. पूर्ण झालेली चौकट उलटी करून तो सांधा अंगठ्याने हलकेच फिरवला, की चारी बाजूंची माया एकामागून एक वळते, भिरभिऱ्याच्या पात्यांसारखी, आणि मधोमध चार इवल्या चौकोनांचे एक फूल उघडते. दोन सुतांची एकेक पाकळी. नऊ तुकड्यांच्या चौकटीत असे चार सांधे असतात, म्हणून मागच्या बाजूला चार फुले येतात, आणि एक उजवीकडे फिरले तर शेजारचे डावीकडे फिरते. वरून यातले काहीही दिसत नाही. वरून एवढेच जाणवते की चार कोपरे एकत्र येऊनही तिथे गाठोडे झालेले नाही, कापड सपाट बसलेले आहे.

पहिल्यांदा ते फूल उघडले तेव्हा मी काकूंना हाक मारून दाखवले. त्यांनी ते बोटाने मिटले, पुन्हा उघडले, आणि बराच वेळ तसे करत राहिल्या.

पुढची चूक त्रिकोणांची. चौकोनांवर हात बसला म्हणून मी चौकोन तिरका कापून त्रिकोण जोडायला घेतले. कापडाच्या उभ्या धाग्यावर ओढ दिली तर ते हलत नाही, आडव्यावर किंचित हलते, आणि तिरक्या अंगावर, ज्याला शिंपी उरेब म्हणतात, ते रबरासारखे ताणले जाते. त्रिकोणाची लांब बाजू उरेब असते. हे सगळे मला माहीत होते, तरी शिवण झाल्यावर मी नेहमीसारखी वाफेची इस्त्री पुढे-मागे फिरवली आणि एका दुपारी सोळा चौकोन वाकडे करून ठेवले. जोडकामात इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची आणि उचलायची असते. मला यात आमचे ट्रेसिंग पेपर आठवले. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो कागद फुगतो, आणि जुलैत काढलेला नकाशा मे महिन्याच्या कोरड्या हवेत मोजला तर माप जुळत नाही. त्यासाठी नकाशावरच मोजपट्टी आखलेली असे, कागद वाढला की तीही वाढे. कापडाला अशी सोय नाही, तिथे हातच आवरता घ्यावा लागतो. ते सोळा चौकोन मी उसवले नाहीत, एका पिशवीत वेगळे ठेवले आहेत. लाल कापडाचा रंग उतरून दोन पांढरे तुकडे गुलाबी झाले, ते त्याच पिशवीत आहेत. त्यानंतर प्रत्येक नवे कापड रात्रभर पांढऱ्या भांड्यात भिजवल्याशिवाय मी त्याला कात्री लावलेली नाही. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, त्यामुळे ते आधी भिजवणे तसेही गरजेचे होते.

मधल्या काळात षट्कोन करून पाहिले. कागदाचे षट्कोन कापून त्यांवर कापड दुमडायचे, कच्च्या टाक्यांनी धरायचे, आणि मग दुमडलेल्या कडा एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडायच्या. ही रीत जुनी आहे. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्ड या पांघरुणे शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ सालचे रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे, तेही कागदावर कापड दुमडूनच केलेले. माप चुकतच नाही, कारण मापाची जबाबदारी कागद घेतो. मला मात्र ते करताना करमले नाही. आयुष्यभर कागदाने सांगितले तसे केल्यावर आता कापड काय म्हणते ते मला ऐकायचे होते.

कापडासाठी मी सुरुवातीला गांधीबागेच्या कापडबाजारात गेले आणि भारावून बरेच काही घेऊन आले. त्यातले निम्मे मिश्र धाग्याचे निघाले, ते नखाने दाबले तरी घडी धरत नाही, आणि जोडकामात घडी न धरणारे कापड निरुपयोगी असते. काकूंना हे दुकानात शिरल्या शिरल्या कळले असते. आता मी कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगळून पाहते. सुती असेल तर चुरगळा राहतो. आपले शहर कापसाचे आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली, केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथेच आहे, आणि पाचपावली-तांडापेठेच्या गल्ल्यांत एके काळी मागांचा खटखटाट असे. मिलच्या जागी आज एम्प्रेस सिटी हे संकुल आहे. काकू सांगतात की भोंग्याच्या आवाजावर त्यांच्या घरी स्वयंपाक लागे. मी जोडते आहे त्या तुकड्यांपैकी सगळ्यात चांगले तुकडे त्यांच्या आईच्या नऊवारी लुगड्याचे आहेत, घरच्याच मागावर विणलेल्या. काठाची घट्ट वीण सुईला अडवते, म्हणून तिथे मी अंगुस्तान घालते. मधला अंगचा भाग इतक्या धुण्यांनंतर साईसारखा झाला आहे, आणि तरी टाका धरतो. असे कापड कापताना माझा हात थांबला होता. कात्री काकूंनी चालवली.

माझ्या आखणीत एकूण १०८ चौकटी आहेत, नऊच्या बारा ओळी, एक नऊ तुकड्यांची आणि तिच्या शेजारी एक अखंड कापडाची. म्हणजे ५४ जोडलेल्या, ५४ साध्या, सगळे मिळून ५४० तुकडे. पूर्ण झाल्यावर ते साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब होईल. एका जोडलेल्या चौकटीत चोवीस इंच शिवण येते, इंचाला आठ या हिशेबाने १९२ टाके, आणि मला त्याला दीड तास लागतो. आजपर्यंत ३१ झाल्या आहेत. दार लावून, कूलर हळू ठेवून, नाहीतर तुकडे उडतात, उन्हाळ्याच्या दुपारी मी आणि काकू समोरासमोर बसतो. वरचे कापड जोडून झाले की त्याखाली काकू त्यांच्या पद्धतीने जुन्या लुगड्यांचे थर लावणार आहेत आणि धावदोरा आम्ही दोघी घालणार आहोत, बाहेरून आत.

मागच्या आठवड्यात पांढरे कापड संपले. कपाटात माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातले निर्लेखित, म्हणजे दप्तरातून बाद झालेले एक ट्रेसिंग क्लॉथ होते. हे कापड तलम सुताचे असते, त्यावर खळीचा चकचकीत थर दिलेला असतो, आणि पाण्याचा एक थेंब पडला तरी तो तेथे पांढरा होऊन नकाशा बिघडतो, म्हणून आमच्या टेबलाजवळ चहाचा कप आणायची मनाई होती. ते मी बादलीभर कोमट पाण्यात बुडवले तेव्हा, इतक्या वर्षांनीही, हात थोडा कचरला. सकाळी खळ सगळी निघाली होती, पाणी गढूळ झाले होते, आणि हाताशी मलमलीसारखे मऊ कापड आले. शाईही बहुतेक गेली. एका कडेला फिकट राखाडी वळणाची एक रेघ तेवढी उरली, ओढ्याची किंवा कालव्याची.

काकूंनी ते कापड गालाला लावून पाहिले. “मलमल हाय का व?” मी सांगितले की हा नकाशा होता. त्यांनी रेघेवरून बोट फिरवले. “कोणाचं गाव हाय हे?”

गावाचे नाव पाण्यात गेले होते. मी तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, कापड माझ्या पुढ्यात सरकवले, आणि रेघेची बाजू खाली गेली होती ती उलटून वर केली. मग पुन्हा उलटून मी मागच्या अंगाला साचा ठेवला, रेघ मधोमध येईल असा, दोन इंचांचा चौकोन आखला, बाहेर दोन सूत सोडले आणि कापले.